पाहुण्यांचं नाशिक नको, मामाचं दाखव

नाशिक म्हणजे माझ्या मामाचं गाव, लहानपणापासून जातेय. पण दर वेळी तेच, काळाराम, सीतागुंफा, त्र्यंबकेश्वर, जमलं तर वणी, आणि मोठी झाल्यावर त्यात वायनरीची भर पडली. म्हणून या वेळी फोनवरच मामाला सांगून टाकलं की पाहुणे आल्यावर जिथे नेतोस तिथे मला नेऊ नको, तू रोज जिथे जातोस तिथे ने. मामा बँकेतून रिटायर झालाय, त्यामुळे वेळ भरपूर आणि उत्साह त्याहून जास्त. म्हणाला, "चालेल. पण पहाटे उठावं लागेल, आणि बुधवार मध्ये पडेल असं ये." बुधवार कशाला ते काही सांगितलं नाही.

मंगळवार

पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत संध्याकाळी पोचले. सिंहस्थ तोंडावर आलाय त्यामुळे गावभर खोदकाम चाललंय, रिक्षावाला दर चौकात कुणाला तरी शिव्या घालत होता, पण त्याला सगळे आडमार्ग पाठ असल्यामुळे पंचवटीत वेळेत आणून सोडलं. जानेवारीचा शेवट आणि थंडी म्हणजे अशी की मामीने आधी स्वेटर हातात दिला आणि मग पाणी.

चहा झाला तसा मामा म्हणाला, चल गंगेवर. नाशिकमध्ये गोदावरीला घरोघरी गंगाच म्हणतात, रिक्षाला पण 'गंगेवर सोडा' एवढं सांगितलं की पुरतं. रामकुंडावर हल्ली संध्याकाळी मोठी आरती होते, तिथे बरीच गर्दी होती. मामा त्या गर्दीच्या कडेकडेने मला घेऊन यशवंतराव महाराज पटांगणाकडे गेला, तिथे त्याची मित्रमंडळी बसलेली. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांना कानटोप्या, आणि मध्ये कागदात भेळभत्ता. मे महिन्यात याच पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, महिनाभर रोज संध्याकाळी व्याख्यान, आणि ही मंडळी तिची पक्की गिऱ्हाईकं. कुठल्या वर्षी कोण वक्ता आला आणि काय बोलला यावर त्यांचं भांडण चालू होतं, ते मी आल्यामुळे थांबलं वगैरे काही नाही, उलट मलाच पंच केलं!

त्यातल्या एका काकांनी समोरचं नारोशंकराचं देऊळ दाखवून सांगितलं की या देवळाला 'नारोशंकराची घंटा' का म्हणतात. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली हे बांधलं आणि वसई पोर्तुगीजांकडून जिंकली त्या विजयाची खूण म्हणून तिथून आणलेली घंटा इथे टांगली. मी इतक्या वेळा या देवळासमोरून गेलेय, मान वर करून कधी बघितलं नव्हतं. आता अंधारात नीट दिसली नाही, पण सकाळी पहिलं काम तेच केलं.

टीप म्हणून सांगते, घाटावर संध्याकाळी जाणार असाल तर आरती बघा आणि मग लगेच निघू नका. गर्दी ओसरली की जे लोक पायऱ्यांवर उरतात ते सगळे गावातले असतात, आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं.

बुधवार

पहाटे साडेपाचला मामाने दार वाजवलं. बाहेर आठ-नऊ डिग्री असेल, बोलताना तोंडातून वाफ येत होती. घाटावर पोचलो आणि कळलं की बुधवार कशाला. नाशिकचा आठवडे बाजार बुधवारी असतो आणि तो भरतो कुठे तर थेट गोदाघाटावर, देवळांच्या पायथ्याशी. काल जिथे बसून आम्ही भेळभत्ता खाल्ला त्याच्या बाजूला आता ताडपत्र्या पसरलेल्या, टेम्पोतून पोती उतरतायत, एकीकडे शेकोटी पेटलीय, आणि हाकेच्या अंतरावर रामकुंडात यात्रेकरू कुडकुडत डुबकी मारतायत, गुरुजी पिंडदान सांगतायत. दोघांनाही एकमेकांचं काही नाही. मला वाटत होतं की गावकऱ्यांची आवडती ठिकाणं म्हणजे कुठेतरी आडबाजूला, पर्यटकांपासून लपवून ठेवलेली असतील. नाशिकला तसं नाहीये. यात्रेकरूंची जागा तीच गावाची जागा, फक्त कोण कुठल्या वेळी येतो आणि कशासाठी येतो एवढाच फरक.

मामाचा बाजारातला नियम असा की पहिल्या फेरीत पिशवी उघडायची नाही, फक्त बघायचं. त्यामुळे आम्ही आधी नुसते फिरलो. पालेभाज्या, वांगी, पेरू, कांदे, कडधान्यं, मिरच्या, मग टोपल्या, सुपं, दोर, विळे, कोयते, तवे, एका कोपऱ्यात जुनं लोखंड. पेठ तालुक्यातून आलेल्या एक मावशी नागली आणि भगर घेऊन बसल्या होत्या. आपण पुण्याकडे नाचणी म्हणतो ती इकडे नागली. मी मॉलमध्ये चकचकीत पाकिटातली घेते असं म्हटल्यावर मावशींनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं आणि मूठभर नागली हातावर ओतून म्हणाल्या, "वास घे." घेतला. मग भाकरीची शिकवणी सुरू. पाणी उकळतं पाहिजे, पीठ गरम असतानाच मळायचं, भाकरी जाड थापायची, आणि शिळी झाली तर ताकात कुस्करून खायची. शेजारच्या लसणीवाल्या आजी मध्येच म्हणाल्या, "अगं तिला आधी भाकरी थापता येती का ते तरी इचार." सगळ्या हसल्या, मामा पण. मी दोन किलो घेतली, जिद्दीने.

बाजाराच्या मध्येच दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन्हीकडे तोंड असलेली उंच मूर्ती. नाशिककरांचं पुराचं माप म्हणजे हा मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की कुणी क्युसेक विचारत नाही, 'मारुतीच्या कुठवर आलंय' असं विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्याशी आलं की जुन्या गावातल्या दुकानदारांची माल वर चढवायची पळापळ. दोरवाल्या काकांनी २००८, २०१६ आणि २०१९ हे पूर स्वतः बघितलेले. १९६९ चा मात्र त्यांच्या वडिलांकडून ऐकलेला, आणि सांगताना सगळ्यात रंगवून तोच सांगितला. पाणी यायच्या आधी भोंगा होतो, मग सगळा पसारा उचलून वर. "बाजार बंद नाय होत," काका म्हणाले, "वर सरकतो, पाणी उतरलं की परत खाली येतो."

ऊन आल्यावर पूल ओलांडून जुन्या नाशकात गेलो. सराफ बाजारातून सरकारवाड्यापाशी आलो, हा पेशव्यांचा जुना वाडा, आणि मामाच्या मते पुराचं दुसरं माप म्हणजे याच्या पायऱ्या. मग भांडी बाजार आणि तांबट आळी. इथून पुढे गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढउताराच्या की मी नकाशा बंद करून मोबाईल पर्समध्ये टाकला. तिवंधा चौकात मामा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि पाय आपटून म्हणाला, "इथे खाली रहाड आहे." म्हणजे पेशवेकाळापासूनचा मोठा हौद. वर्षभर मातीखाली बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात, आणि रंगपंचमीच्या आधी तो उकरून, पूजा करून, रंगाच्या पाण्याने भरतात. मग जुनं नाशिक त्यात उड्या मारतं. नाशिकला रंग खेळतात तो धुळवडीला नाही, रंगपंचमीला, हे बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नाहीतर पिचकारी घेऊन चुकीच्या दिवशी उतराल. शनी चौकात आणि दिल्ली दरवाजाला पण अशाच रहाडी आहेत. मामाने तरुणपणी तिथे मारलेल्या उड्यांचं वर्णन मी इथे देत नाही, मामी वाचेल.

भूक कडाडून लागली होती, म्हणून सायंतारा, साबुदाणा वड्याचं दुकान. साबुदाणा वडा हा माझ्यासाठी उपासाचा, नाइलाजाने खायचा पदार्थ, पण इथे लोक उपास नसताना ऑफिसच्या कपड्यांत उभे राहून खातात. वरून कडक, आतून मऊ, लगदा झालेला नाही, सोबत चटणी. मी एक खाऊन बघते म्हटलं होतं. मग बुधा हलवायाची जिलेबी, गरम, त्यातली थोडी घरी न्यायला बांधून घेतली ती घरी पोचेपर्यंत अर्धी झाली.

जुन्या गावात फिरायचं तर सकाळीच, अकराच्या आत. नंतर टू-व्हीलर आणि हातगाड्यांमधून चालणं मुश्कील होतं. गाडी अजिबात नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. चपला चांगल्या घाला.

गुरुवार

आज परत पहाटे. पांडवलेणी. हे ठिकाण पर्यटकांच्या यादीत असतंच, पण मामा आणि त्याच्यासारखे बरेच नाशिककर तिथे लेणी बघायला जात नाहीत, डोंगर चढायला जातात, रोजचा व्यायाम. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि मी तिसऱ्यांदा थांबले तेव्हा सत्तरीच्या एक आजी नऊवारीत, पायात स्पोर्ट्स शूज, माझ्या बाजूने गेल्या आणि उतरताना परत भेटल्या तेव्हा मी अजून वर चढतच होते. "हळू हळू, लेणी कुठे जात नाहीत," म्हणाल्या.

वरून मुंबई-आग्रा हायवे आणि सगळं शहर धुक्यात दिसतं. लेणी चोवीस, पांडवांचा काही संबंध नाही, सगळी बौद्ध, आणि डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. आत जायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. मामा मला थेट दहा नंबरच्या लेण्यात घेऊन गेला आणि व्हरांड्यातल्या ब्राह्मी लेखासमोर उभा राहिला. "हे वाच." मी म्हटलं, मामा, हे मी कसं वाचू. मग त्याने सांगितलं, आणि बँकेतला माणूस काय बघून खूश होतो ते कळलं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक दरमहा व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, कपड्यांसाठी. "हिशोब कर," मामा म्हणाला. वीस गुणिले बारा दोनशे चाळीस, दोन हजारांवर वर्षाचे बारा टक्के. बरोब्बर. "एफडी आहे ही! आणि पावती दगडात, हरवायचा प्रश्नच नाही." हे तो आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतो असा मला दाट संशय आहे, पण मला ते फार आवडलं. गोवर्धन नावाचं गाव अजून आहे, गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं.

तीन नंबरचं लेणं सगळ्यात देखणं, तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिने मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक केलंय. मामाला त्यात फार रस नव्हता, आकडे नव्हते ना.

दुपारी मामा झोपला आणि माझा ताबा मामेबहिणीने घेतला. तिचं म्हणणं, बाबांचं नाशिक अशोक स्तंभाला संपतं. तिचं कॉलेज रोडला सुरू होतं. तिकडे कॅफे, कपड्यांची दुकानं, कॉलेजची पोरं, आणि उलटा वडापाव. पावाच्या आत भाजी भरून अख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला. एक दोघींत पुरतो. कॉलेज रोडबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला काही सापडलं नाही, पुण्याच्या एखाद्या रस्त्यासारखाच, पण ती तिथे दर दहा पावलांवर कुणाला तरी ओळखत होती.

येताना तिने टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयात नेलं, हे १८४० सालचं, आणि नाशिककर त्याला नुसतं 'सावाना' म्हणतात. शांतपणे पेपर वाचणारे आजोबा आणि स्पर्धा परीक्षेवाली मुलं, हीच गर्दी. जवळच्या भागातलं विजयानंद थिएटर पण बाहेरून बघितलं. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचं नाटक इथे होतं आणि जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने त्याला इथे गोळी घातली. संध्याकाळी आम्ही ज्या मैदानावर चालायला गेलो त्याला त्याच कान्हेरेंचं नाव आहे. रिक्षाला मात्र 'गोल्फ क्लब' सांगावं लागतं. तिथला जॉगिंग ट्रॅक म्हणजे सगळं गाव गोल गोल फिरतंय, सासवा एका दिशेने आणि सुना उलट्या दिशेने असं बहिणीचं निरीक्षण.

शुक्रवार

सकाळी उठलो तर आभाळ भरून आलेलं. मला वाटलं छान, फिरायला मस्त हवा. मामाच्या फोनवर मात्र शेतकरी मित्राचा मेसेज, आणि त्यात नुसतं 'ढग' एवढंच लिहिलेलं.

आधी मिसळ, बारदान फाट्याजवळची साधना. चुलीवरची, पाटावर ताटात येते, सोबत कांदा, पापड, दही, पाव, आणि शेवटी जिलेबी. रस्सा काळ्या मसाल्याचा, तिखट आहे पण घसा धरत नाही. रविवारी इथे नंबर लावून बसावं लागतं म्हणून नाशिककर आठवड्यात सकाळी लवकर येतात, तुम्ही पण तसंच करा. नाशिकमध्ये कुठली मिसळ सगळ्यात भारी हे मात्र कुणाला विचारू नका. मी शेजारच्या टेबलावर विचारलं तर त्या तिघांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली, त्यात आम्ही जिथे बसलो होतो ते नावच नव्हतं, आणि तरी ते तिथेच खात होते!

मग मातोरीच्या बाजूला त्या मित्राच्या मळ्यात. द्राक्षं काढणीला आलेली, मांडवाखाली वाकून चालावं लागतं आणि डोक्यावर घड लोंबतायत. काका घडांवर हात ठेवून आभाळाकडेच बघत होते. मणी भरल्यावर पाऊस आला की ते तडकतात, आणि ढगाळ हवेत रोग पडतो. बरं थंडी जास्त पडली तरी पंचाईत, साखर भरत नाही, त्यामुळे आठवडाभर ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते, धुराने जरा ऊब राहते म्हणून. तिकडे निफाडला पारा आणखी खाली जातो, तिथल्या त्यांच्या साडूची तर झोपच गेलीय. पहाटे आम्ही घाटावर थंडी एन्जॉय करत होतो तेव्हा हे लोक जाळ घालत बसले होते. तरी काकूंनी कात्रीने घड कापून समोर ठेवला. बाजारात मिळतात त्याहून मणी जरा पिवळसर. हिरवीगार दिसतात ती आंबट, अशी पिवळी पडलेली घ्यायची, आणि देठ हिरवा पाहिजे, हे त्यांनी शिकवलं. दुपारी वारा सुटला आणि ढग फाटले तेव्हा काकांनी पहिल्यांदा खाली बसून चहा घेतला.

परतताना गंगापूर धरणाच्या कडेने आलो. वायनऱ्या पण याच पट्ट्यात. सुला १९९९ ची, तिच्यामुळे नाशिकचं नाव वाइनसाठी झालं, आणि सूर्यास्त तिथून छान दिसतो हे खरंच. पण मामाच्या गँगमधलं कुणी तिथे पाहुण्यांशिवाय गेलेलं नाही. त्यांची सूर्यास्ताची जागा सोमेश्वर. देवळात पाया पडायचं, मग धबधब्याकडे जायचं, भाजलेलं कणीस घ्यायचं. या दिवसांत धबधब्याला पाणी बेताचंच होतं, काळे खडक उघडे पडले होते आणि त्यावर पोरं बसली होती. खडक शेवाळी आहेत, खाली उतरू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

शनिवार

दुपारची बस होती. मामीने नाश्त्याला चिवडा दिला, कोंडाजीचा, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. नाशिकमध्ये चिवडा असाच खातात, नुसता खाल्ला तर विचारतात बरं नाही का.

येणार असाल तर मुक्काम पंचवटीत किंवा रविवार कारंज्याच्या आसपास शोधा, घाट आणि जुनं गाव दोन्ही पायी होतं. ट्रेनने आलात तर नाशिक रोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे हे धरून चाला, सिटीलिंकच्या बस मिळतात. द्राक्षं न्यायची तर पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे कपटे घालून, पिशवीत नको. माझं खोकं मळ्यातल्या काकूंनी स्वतः बांधून दिलं होतं, संगमनेरला शेजारच्या सीटवरच्या ताईंनी ते उघडायला लावलं, बघून म्हणाल्या, "मातोरीची का?" त्या नाशिकच्याच निघाल्या, आणि नारायणगाव येईपर्यंत मिसळीचं चौथं नाव मला मिळालेलं होतं.